मातीत उरलेली बाकी

चीनच्या वायव्येला शिनज्यांग नावाचा विस्तीर्ण आणि कोरडा प्रदेश आहे. तेथील शिहेझी शहराच्या परिसरात कापसाची मोठी शेती होते. पाऊस अत्यल्प आणि वसंतातील रात्री थंड, म्हणून तेथील शेतकरी पेरणीच्या वेळी जमिनीवर पॉलिथिनचा अतिशय पातळ कागद अंथरतात. कागदाखाली ओल टिकते, माती उबदार राहते, तण माजत नाही. हंगाम संपल्यावर हा कागद काढून घ्यावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात त्याचा बराच भाग फाटून मातीतच राहतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या परिसरातील शेतांची माती तपासण्यात आली. सलग ५ वर्षे कागद अंथरलेल्या शेतांत एक किलो मातीमागे प्लास्टिकचे सरासरी ८० सूक्ष्म तुकडे सापडले. १५ वर्षे अंथरलेल्या शेतांत ते ३०८ भरले आणि २४ वर्षांच्या शेतांत १,०७५.

हिशेबाची सवय असलेल्या वाचकाच्या लक्षात एक गोष्ट लगेच येईल. वर्षे जवळपास पाचपट झाली, पण तुकडे तेरापटीहून अधिक झाले. दरवर्षी नवा कागद येत गेला, एवढ्याने ही वाढ पुरती उलगडत नाही. आधीच्या वर्षांचा कागदही मातीत स्वस्थ पडून राहत नाही. एकाचे दोन, दोनाचे चार असे त्याचे तुकडे होतच राहतात. वजन वाढले नाही तरी संख्या वाढते, आणि प्रत्येक पिढीचा तुकडा आधीच्यापेक्षा लहान असतो. लहान तुकड्याला प्रवास सोपा जातो. मातीतील प्लास्टिकची खरी गोष्ट येथून सुरू होते.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान अशा प्लास्टिकच्या कणांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाचे संशोधक रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली समुद्रातील अशा कणांविषयी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. पुढील कित्येक वर्षे सर्वांचे लक्ष समुद्राकडेच होते. जमीन ही प्लास्टिक जेथून निघते ती जागा, एवढाच तिचा विचार होई. बर्लिनमधील मृदाशास्त्रज्ञ मॅथियास रिलिग यांनी २०१२ साली मातीतील सूक्ष्मप्लास्टिककडे संशोधकांचे लक्ष वेधले. त्यानंतरच्या संशोधनातून जे चित्र उभे राहिले, त्यात जमीन हे मोठे कोठार आहे आणि चौरस्ताही. प्लास्टिक तेथे साठते आणि तेथूनच खाली, बाजूला व वरही निघते.

प्रथम कण तयार कसा होतो ते पाहू. पॉलिथिनची रचना म्हणजे कार्बनच्या अणूंची लांबच लांब साखळी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू मिळून ही साखळी ठिकठिकाणी तोडतात. कागद ठिसूळ होतो, त्याला चिरा पडतात आणि हात लावताच तो चुरगळतो. उन्हात ठेवलेली जुनी प्लास्टिकची दोरी बोटांत पिठासारखी उतरते, हा अनुभव पुष्कळांना असेल; तीच ही क्रिया. परंतु तुकडा एकदा मातीखाली गेला की ऊन मिळत नाही आणि ही मोडतोड फार मंदावते. मग नांगर येतो. नांगर खालचे वर आणि वरचे खाली करतो. पुरलेला तुकडा पुन्हा उन्हात येतो, आणखी ठिसूळ होतो, वखराच्या पात्याखाली फुटतो आणि पुन्हा पुरला जातो. दर हंगामाला हे चक्र फिरते. मात्र सूक्ष्म होणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. कणाचा कार्बन तसाच राहतो, फक्त तो माणसाच्या चिमटीत येईनासा होतो.

आता या कणाचा प्रवास. पहिला मार्ग खाली जाणारा. पावसाचे किंवा सिंचनाचे पाणी मातीच्या पोकळ्यांतून झिरपते आणि बारीक कणांना सोबत नेते. प्रयोगशाळेतील प्रयोगांत असे दिसले आहे की माती सतत ओली ठेवण्यापेक्षा ती आळीपाळीने भिजवली आणि वाळवली, तर कण अधिक खोल उतरतात. माती वाळताना आकसते, तिच्यात नव्या वाटा पडतात आणि पुढच्या पाण्याबरोबर कण त्या वाटेने खाली सरकतो. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे सांगावयास नको. पहिल्या वळवाबरोबर पृष्ठभागावरची माती आणि कचरा त्या भेगांत कोसळतो. ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असे शेतकरी कौतुकाने म्हणतात. पृष्ठभागावर जे असेल ते पोटात घेण्याचा तिचा हा स्वभाव प्लास्टिकच्या कणालाही तितकाच लागू पडतो.

खाली नेणारा दुसरा वाहक जिवंत आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली गांडुळांवर एक ग्रंथ लिहिला. शेतात पसरलेला चुना किंवा दगड काही वर्षांनी जमिनीखाली गेलेले दिसतात, कारण गांडुळे खालची माती वर आणून टाकतात आणि वरच्या वस्तू हळूहळू गाडल्या जातात, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. रिलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली याच दृष्टीने प्लास्टिकचा प्रयोग केला. मातीच्या कुंड्यांवर पॉलिथिनचे वेगवेगळ्या आकाराचे मणी पसरले आणि काही कुंड्यांत गांडुळे सोडली. तीन आठवड्यांनी पाहता, गांडुळे असलेल्या कुंड्यांत मणी खालच्या थरांपर्यंत पोहोचले होते, आणि सर्वांत लहान मणी सर्वांत खोल गेले होते. कधी कण गांडुळाच्या पोटातून जातो, कधी त्याच्या अंगाला चिकटतो, तर कधी त्याने केलेल्या बिळातून पाण्याबरोबर घसरतो.

जैन परंपरेने गांडुळाची गणना द्वींद्रिय जीवांत केली आहे. स्पर्श आणि रस एवढीच दोन इंद्रिये त्याच्याजवळ आहेत. कुजलेल्या पानाचा कण आणि प्लास्टिकचा कण यांतला भेद त्याला नेहमी कळतोच असे नाही. तो दोन्ही गिळतो. नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठाशी संबंधित संशोधक एस्पेरांझा हुएर्ता ल्वांगा यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पालापाचोळ्यात पॉलिथिनचे प्रमाण खूप वाढवले असता गांडुळांची वाढ खुंटली आणि अधिक गांडुळे दगावली. त्या प्रयोगातील प्रमाण साधारण शेतात आढळते त्यापेक्षा पुष्कळ अधिक होते, हे येथे नोंदवणे न्यायाचे ठरेल. पण ज्या मुक्या जीवावर मातीची सुपीकता उभी आहे, त्याच्या अन्नात आपण काय मिसळतो आहोत, हा प्रश्न जीवदयेचा आहे तसा व्यवहाराचाही आहे.

याच संशोधकांच्या पुढच्या अभ्यासाने प्रवासाची आणखी एक पायरी दाखवली. मेक्सिकोच्या आग्नेय भागातील खेड्यांत घरामागच्या परसात प्लास्टिकचा कचरा जाळून मातीत गाडण्याची रीत होती. अशा परसांतील एक ग्रॅम मातीत सरासरी एकाहूनही कमी कण सापडला. त्याच परसातील गांडुळांनी टाकलेल्या मातीत एका ग्रॅममागे सुमारे १५ कण होते, आणि तेथे चरणाऱ्या कोंबड्यांच्या विष्ठेत सुमारे १३०. माती, गांडूळ आणि पक्षी अशा प्रत्येक टप्प्यावर हा आकडा वाढलेला आढळला. कचरा जाळला म्हणजे संपला, ही समजूतही या परसांनी खोटी ठरवली. अर्धवट जळालेले आणि वितळलेले तुकडे मातीतच राहिले होते.

दुसरा मार्ग बाजूला जाणारा. प्लास्टिक मातीच्या खनिज कणांपेक्षा पुष्कळ हलके असते. मुसळधार पावसात शेतावरून पाणी वाहू लागले की माती वाहून जाते, आणि तिच्या तुलनेत प्लास्टिक अधिक सहजपणे वाहते. जर्मनीतील शेतजमिनीवर कृत्रिम पाऊस पाडून केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. त्याच प्रयोगांत असेही आढळले की काळ जाईल तसा कण मातीच्या कणांना चिकटतो, त्यांच्या ढेकळात अडकतो आणि त्याचे वाहणे कमी होते. म्हणजे शेतात नुकतेच पडलेले प्लास्टिक पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याकडे धाव घेते. जे थांबते ते मातीचाच भाग होऊन बसते. बांधबंदिस्ती, गवताचे पट्टे, उताराला आडवी नांगरट हे मृदसंधारणाचे जुने उपाय म्हणूनच या नव्या संकटावरही उपयोगी पडतात. जेथे माती अडते, तेथे प्लास्टिकही बरेचसे अडते.

तिसरा मार्ग वर जाणारा. उघड्या, कोरड्या जमिनीवरून वारा वाहतो तेव्हा तो हलके कण प्रथम उचलतो. फ्रान्समधील पिरेनीज पर्वतरांगेत, गावांपासून दूर अशा उंच ठिकाणी संशोधकांनी पाच महिने आकाशातून पडणारी धूळ गोळा केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तेथे दर चौरस मीटरवर दररोज सरासरी ३६५ सूक्ष्मप्लास्टिकचे कण पडत होते, आणि हवेच्या प्रवाहाबरोबर ते ९५ किलोमीटरपर्यंतच्या अंतरावरून आले असावेत. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या पश्चिम भागातील राष्ट्रीय उद्यानांचा आणि संरक्षित वनांचा अभ्यास झाला. तेथे पाऊस आणि धुळीबरोबर वर्षाला १,००० टनांहून अधिक प्लास्टिक उतरते, असा अंदाज बांधण्यात आला. ज्या मातीत कधी कोणी प्लास्टिक नेले नाही, तीही आता निष्कलंक राहिलेली नाही.

चौथा मार्ग निसर्गाने केलेला नाही, माणसाने केला आहे, आणि तो कापड व्यवसायातील कुटुंबांच्या विशेष परिचयाचा आहे. कृत्रिम धाग्याचे कापड धुतले की त्यातून सूक्ष्म तंतू सुटतात. प्लिमथ विद्यापीठाच्याच २०१६ सालच्या अभ्यासानुसार धुलाई यंत्रातील सहा किलो कपड्यांच्या एका फेरीत अ‍ॅक्रिलिकमधून ७ लाखांहून अधिक, पॉलिएस्टरमधून सुमारे ५ लाख आणि पॉलिएस्टर-सुती मिश्रणातून सुमारे १ लाख ३८ हजार तंतू सुटू शकतात. हे पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पोहोचले, तर तेथे नव्वद टक्क्यांहून अधिक कण पाण्यातून वेगळे होतात. ऐकावयास हे समाधानकारक वाटते. पण वेगळे झालेले कण गाळात बसतात, आणि अनेक देशांत हा गाळ खत म्हणून शेतात टाकला जातो. २०१६ सालच्या एका अंदाजानुसार युरोपातील शेतजमिनींत या वाटेने दरवर्षी ६३ हजार ते ४ लाख ३० हजार टन सूक्ष्मप्लास्टिक जात असावे. अमेरिकेतील एका अभ्यासात गाळ टाकल्याला १५ वर्षे उलटल्यावरही मातीत कृत्रिम तंतू ओळखता आले होते. नदीत जाण्यापासून जे वाचवले, ते शेतात नेऊन ठेवले, असा हा व्यवहार झाला. शुद्धीकरण केंद्र नसलेल्या गावांत नाल्याच्या पाण्यावर भाजीपाला पिकवला जातो. तेथे तर तंतूंना मधला थांबाही उरत नाही.

रस्त्यांचाही वाटा लहान नाही. वाहनाचा टायर झिजतो म्हणजे त्याचा रबर धुळीच्या रूपाने रस्त्यावर आणि कडेच्या मातीत जातो. आजच्या टायरमध्ये नैसर्गिक रबराबरोबर खनिज तेलापासून केलेले कृत्रिम रबरही असते. घाटरस्ते आणि महामार्ग यांच्या कडेच्या शेतांत ही धूळ पावसाबरोबर उतरते. मालाची ने-आण करणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या चाकामागे ही बारीक रेघ उमटत असते, पण कोणत्याही बिल्टीवर तिची नोंद होत नाही.

मग हे कण अखेर जातात कोठे? बहुतेक कण नांगराच्या पोचेतील वरच्या थरात राहतात. काही त्याच्याही खाली जातात. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात चुनखडीच्या खडकांतून वाहणाऱ्या भूजलाचे १७ नमुने तपासले असता १६ नमुन्यांत सूक्ष्मप्लास्टिक आढळले, आणि ते सर्व तंतूंच्या रूपात होते. चुनखडीत मोठ्या फटी असतात, त्यामुळे तेथे पाण्याची गाळण होत नाही. प्रत्येक विहिरीचा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. तरीही जमिनीखालचे पाणी आपोआप निर्मळ असते, हा विश्वास आता तपासून घ्यावा लागेल. पाणी गाळून पिण्याची आपल्या घरांतील शिस्त शतकानुशतकांची आहे आणि ती अनेक जीवांना आणि माणसांनाही उपकारक ठरली आहे. दुहेरी सुती कापडात लांब तंतू अडकू शकतील. परंतु धाग्यांमधील छिद्रांहून कितीतरी लहान असलेले कण त्यातून सहज पार होतात. या कणांना रोखण्याची जागा माठाच्या तोंडापाशी नाही, त्याच्या फार आधी आहे.

पिकांविषयी संशोधन अजून बाल्यावस्थेत आहे. चीनमधील संशोधकांनी २०२० साली गहू आणि लेट्यूस या वनस्पतींवर प्रयोग केला. मुख्य मुळातून उपमुळे फुटतात तेथे बारीक फटी पडतात, आणि त्या फटींतून सुमारे दोन मायक्रॉनपर्यंतचे प्लास्टिकचे कण मुळात शिरून पुढे पाण्याच्या ओढीने वरच्या भागांत जाऊ शकतात, असे त्यांना दिसले. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे निष्कर्ष प्रयोगातील ठरावीक परिस्थितीचे आहेत, आणि त्यावरून ताटातील पोळीविषयी घाबरण्याचे कारण नाही. मात्र त्यातून दिशा दिसते. कण जितका लहान, तितकी त्याला बंद असलेली दारे कमी.

येथे शिहेझीकडे पुन्हा पाहिले पाहिजे, कारण तेथील हिशेब व्यापाऱ्याने समजून घ्यावा असा आहे. शेतात प्लास्टिकचा कागद अंथरण्याचे तंत्र चीनने १९७८ साली जपानकडून घेतले. त्याने उत्पन्न खरोखर वाढले. धान्यपिकांत २० ते ३५ टक्के वाढ नोंदली गेली. कोरड्या प्रदेशांतील लाखो कुटुंबांना त्याने आधार दिला. २०११ पर्यंत या कागदाखालील क्षेत्र सुमारे २ कोटी हेक्टरांवर गेले. मागणी वाढली तशी स्वस्ताईची चढाओढही वाढली, आणि चढाओढीचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कागद पातळ करणे. चीनमधील प्रमाण जाडी केवळ ८ मायक्रॉन होती. एवढा पातळ कागद एका हंगामात इतका विरतो की तो उचलताना हातातच फाटतो. तो गोळा करण्याची मजुरी त्याच्या किमतीपेक्षा जास्त पडते. म्हणून तो गोळा होत नाही. शिनज्यांगच्या काही शेतांत असा उरलेला कागद हेक्टरी २५० किलोहून अधिक भरला. मुळांना वाट मिळेना, पाणी नीट मुरेना, आणि ज्या तंत्राला आरंभी शुभ्र क्रांती म्हटले गेले, त्याच्याच परिणामांना शुभ्र प्रदूषण हे नाव पडले. अखेर २०१७ साली चीनने नवे मानक काढून किमान जाडी १० मायक्रॉन केली. दोन मायक्रॉनचा हा फरक ऐकावयास क्षुल्लक वाटतो. पण त्यामागचे तत्त्व मोठे आहे: वस्तू उचलता येईल एवढी मजबूत असेल तरच ती परत येते.

भारतातील पिशव्यांच्या नियमांमागेही हेच तत्त्व दिसते. प्लास्टिकच्या पिशवीची किमान जाडी १९९९ साली २० मायक्रॉन होती. २०११ साली ती ४०, २०१६ साली ५०, सप्टेंबर २०२१ मध्ये ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. महाराष्ट्राने तर मार्च २०१८ मध्येच पिशव्या आणि एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. दुकानदारांना हे नियम त्रासाचे वाटले, आणि त्यात काही अंशी तथ्यही होते. परंतु जाड पिशवी महाग असते म्हणून ग्राहक ती जपतो, आणि वजनदार असते म्हणून भंगारवाला ती घेतो. पातळ पिशवी कोणालाच नको असते. म्हणून ती वाऱ्याबरोबर शेतात जाते आणि वर सांगितलेल्या चारही मार्गांना लागते.

महाराष्ट्राच्या शेतीत आता प्लास्टिक अनेक रूपांनी वावरते. टोमॅटो, मिरची, कलिंगड यांच्या गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर असतो. डाळिंबाच्या बागांवर आच्छादनाचे कापड, रोपवाटिकेवर शेडनेट, वेलींना नायलॉनची सुतळी, पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या, खताच्या विणलेल्या गोण्या. यांतील बहुतेक वस्तू उपयोगाच्या आहेत. ठिबकने वाचवलेल्या पाण्याचे मोल दुष्काळी तालुक्याला विचारावे. आपल्याकडे भाजीपाल्यासाठी साधारणपणे २५ ते ३० मायक्रॉनचा मल्चिंग पेपर वापरतात. चीनमधील कागदाच्या तुलनेत तो अडीच ते तीनपट जाड आहे आणि वेळेवर उचलला तर बव्हंशी अखंड निघतो. ही चांगली सुरुवात आहे. ती टिकेल की स्वस्त मालाच्या स्पर्धेत पातळ होत जाईल, हे कारखान्यात जेवढे ठरेल तेवढेच तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावरही ठरेल.

या साखळीत व्यापारी कुटुंबे जागोजागी उभी आहेत. कोणाचे कृषी साहित्याचे दुकान आहे, कोणाची धान्याची अडत, कोणाचा कापडाचा व्यवसाय, कोणाचे पॅकिंग साहित्य. म्हणून काय करता येईल याचा विचारही त्या त्या जागेवरूनच करावा लागेल. मल्चिंग पेपर विकणाऱ्याने ग्राहकाला जाडी लिहून द्यावी, एकाच हंगामापुरता असलेला कागद दुसऱ्या हंगामाला वापरू नये हे सांगावे आणि हंगामाच्या शेवटी जुना कागद परत आणणाऱ्याला नव्या खरेदीत थोडी सूट द्यावी. मातीने माखलेला कागद भंगारवाले सहसा घेत नाहीत. तो झटकून, वाळवून, गुंडाळी करून आणला तर त्याला वाट सापडण्याची शक्यता वाढते. धान्याच्या व्यापाऱ्याने उन्हाने विरलेल्या प्लास्टिकच्या गोण्या वेळीच बाद कराव्यात. विरलेली गोणी झटकली की तिची फोलपटे उडतात आणि ती धान्यातही जातात, अंगणातही. जेथे शक्य तेथे ताग वापरावा. वेली बांधण्यासाठी ताग किंवा काथ्याची सुतळी मागणाऱ्यांची संख्या वाढते आहे. ती दुकानात ठेवली तरच विकली जाईल.

कापड व्यावसायिकांना सुती आणि मिश्र कापडाच्या गुणदोषांत आता तंतूंची ही बाबही जोडता येईल. घरात यंत्र पूर्ण भरून कपडे धुणे, थंड पाणी वापरणे, वारंवार धुणे टाळणे, यांनी तंतू कमी सुटतात. समाजाच्या कार्यक्रमांविषयीही एक शब्द सांगावासा आहे. चातुर्मास, वरघोडा, पारणे यांच्या निमित्ताने लागणारे फ्लेक्स फलक कार्यक्रमानंतर गोठ्यावर, वैरणीवर, कांद्याच्या चाळीवर जातात आणि दोन उन्हाळ्यांत त्यांचा भुगा होतो. वस्तू वाया न घालवण्याची भावना चांगली आहे. पण हा पुनर्वापर शेवटी मातीतच जमा होतो. कापडी फलक आणि धातूची ताटे-वाट्या असलेला सामाईक भांडीसाठा अनेक संघांजवळ पूर्वीपासून आहे. तो कोठीतून बाहेर काढला तरी पुरे.

एका बाबतीत मात्र दुकानदाराने सावध राहावे. ‘विघटनशील’ हा शब्द वेष्टनावर छापणे सोपे आहे. ऊन आणि हवेने लवकर तुटावे म्हणून रसायन घातलेले प्लास्टिक लवकर तुटते खरे, पण तुटून सूक्ष्मप्लास्टिकच होते. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशाने अशा प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली ती याच कारणाने. मातीत खरोखर विघटित होणाऱ्या आच्छादन कागदासाठी युरोपात २०१८ चे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार दोन वर्षांच्या आत कागदातील किमान ९० टक्के कार्बनचे जिवाणूंनी कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केले पाहिजे. कंपोस्ट होणाऱ्या पिशवीसाठीही ठरावीक उष्णता आणि ओल लागते; ती बांधावर फेकून कंपोस्ट होत नाही. म्हणून विक्रेत्याला प्रश्न विचारताना शब्दावर थांबू नये. कोणत्या मानकाचे प्रमाणपत्र आहे आणि विघटन कोठे व किती काळात होते, हे विचारावे.

मातीतून सूक्ष्म कण वेचून काढण्याची शेतावर वापरता येईल अशी कोणतीही रीत आज उपलब्ध नाही. प्रयोगशाळेत मूठभर माती मिठाच्या दाट द्रावणात ढवळून वर तरंगणारे कण वेगळे करतात. एकरभर जमिनीचे असे करता येत नाही. धूळ चाळून घेता येत नाही, गांडुळाच्या पोटातून काही परत मागता येत नाही. वस्तू अखंड आहे तोपर्यंतच माणसाची सत्ता तिच्यावर चालते. जैन आचारात याला जयणा म्हणतात: वस्तू उचलताना, ठेवताना, टाकताना राखलेले भान. पूर्वी हे भान पाट, पाणी आणि दिवा यांच्यापुरते पुरत असे. आता उन्हाळ्याच्या तोंडी टोमॅटोचा फड संपला की वाफ्यावरचा कागद एका दिवसात, अखंड, गुंडाळून उचलला जावा, एवढ्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे. त्या एका दिवसाची मजुरी शेतकऱ्याला परवडावी, यासाठी जुन्या कागदाला थोडी तरी किंमत देणारा कोणी तरी बाजारात असावा लागतो. तो प्रत्येक तालुक्यात एक जरी निघाला, तरी पुढच्या वीस वर्षांच्या मातीत फरक दिसेल.